सामाजी म्हणजे शमुवेल

दामाजीपंतांच्या मंगळवेढ्यात 'जी' हा आदरार्थी प्रत्यय लागलेले नाव कानी आले की ते मूळचे मराठीच असणार, याविषयी कोणाच्या मनात किंतु येत नाही. आणि म्हणूनच 'सामाजी हसाजी दिवेकर' हे अठराव्या शतकातील नाव एखाद्या जुन्या दफ्तरात आढळले, तर वाचणारा ते कोकणातील कोणा हिंदू गृहस्थाचे समजून पान उलटील. वस्तुतः हा गृहस्थ बेने इस्राएल, म्हणजे कोकणातील मराठी बोलणारा यहुदी होता. सामाजी म्हणजे शमुवेल, हसाजी म्हणजे यहेज्केल, आणि दिवेकर म्हणजे दिवेआगरचा. मंगळवेढेकर या आडनावावरून जसे मूळ गाव तेवढे कळते, धर्म कळत नाही, तसेच हे.

नाव मराठी झाले म्हणजे धर्मही सुटला असला पाहिजे, हा तर्क मात्र सर्वस्वी निराधार होय. तेलाचे घाणे चालविणारे आणि शब्बाथ पाळण्यासाठी शनिवारी ते बंद ठेवणारे हे लोक कोकणात 'शनिवार तेली' म्हणूनच ओळखले जात. मुलाची सुंता आठव्या दिवशी करण्याचा नियम आणि 'शेमा' ही प्रार्थना त्यांनी, स्वतःचे धर्मग्रंथ जवळ नसतानाही, पिढ्यानपिढ्या जतन केली. एवढी निष्ठा ज्यांनी राखली, त्यांच्याविषयी नावावरून निवाडा करणे अन्यायाचे आहे.

शमुवेल हे नाव इंग्रजांचे, असेही पुष्कळांना वाटते. 'सॅम्युएल' हा उच्चार इंग्रजी खरा, परंतु नाव हिब्रू, ग्रीक व लॅटिन भाषांच्या द्वारे युरोपात गेलेले.

सर्वांत रूढ गैरसमज अर्थाविषयीचा आहे. 'देवाने ऐकले' असा अर्थ सर्रास सांगितला जातो, आणि त्याला आधार वाटावा अशी कथाही आहे: निपुत्रिक हन्नेने शिलो येथील मंदिरात अश्रू ढाळीत पुत्राची याचना केली, ती फळास आली, आणि मुलाचे नाव तिने शमुवेल ठेवले. परंतु मूळ ग्रंथात हन्ना जे कारण सांगते, ते देवाने ऐकल्याचे नसून, आपण हा पुत्र देवाजवळ मागितला, हे आहे. आणि मागण्याच्या अर्थाचा हिब्रू धातू शमुवेलमध्ये नव्हे, तर त्याच शमुवेलाने ज्याला अभिषेक केला त्या शौल राजाच्या नावात स्पष्ट दिसतो. व्याकरणदृष्ट्या 'शेम' म्हणजे नाव आणि 'एल' म्हणजे ईश्वर, अशी फोड करून 'ईश्वराचे नाव' किंवा 'त्याचे नाव ईश्वर' हा अर्थच अधिक ग्राह्य ठरतो, असे माझे मत आहे. 'ईश्वर ऐकतो' हा अर्थ खरोखर ज्या नावाचा आहे, ते यिश्माएल. आणि त्याचे अरबी रूप इस्माईल मुसलमान कुटुंबांत आजही सर्वत्र आढळते. इब्राहीम, याकूब, दाऊद ही नावेही त्याच परंपरेतली. शमुवेलाचा मात्र कुराणात नामनिर्देश नाही. तेथे केवळ इस्राएलांचा एक पैगंबर असा उल्लेख येतो.

एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळांतून आणि कोचीनकडून आलेल्या धर्मशिक्षकांकडून हिब्रूचे अध्ययन वाढले, तसतसा कोकणातील सामाजी पुन्हा शमुवेल व सॅम्युएल झाला. 'जी' गळाले, 'कर' राहिले.

आरंभी उल्लेखिलेल्या सामाजींनी कंपनी सरकारच्या फौजेत चाकरी केली. म्हैसूरच्या युद्धात ते टिपूच्या कैदेत सापडले, आणि सुटकेनंतर १७९६ साली त्यांनी मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. हे लोक आपल्या प्रार्थनामंदिराला 'मशीद'च म्हणत. मुंबईच्या मशीद बंदर स्थानकाचे नाव या वास्तूवरून पडले, असे मानले जाते, आणि तिच्या परिसरातील सॅम्युएल स्ट्रीट हा रस्ता सामाजींच्याच नावाचा आहे.