नाक्यावर अडलेला संत्रा

शुभवर्तमानात मत्तयाची व आपली पहिली भेट होते ती मंदिरात नव्हे, घरातही नव्हे, तर जकातीच्या नाक्यावर. कफर्णहूम हे सरोवराकाठचे गाव. हेरोद अंतिपाच्या मुलखाची हद्द तेथून जवळच संपत असे आणि पलीकडे त्याचा भाऊ फिलिप्प याचा अंमल चाले. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारा माल त्या नाक्यावर थांबे, मोजला जाई आणि नाकेदाराची मर्जी झाली म्हणजे पुढे सरके. लोकांचा या नाकेदारांवर किती राग होता हे वाचकांस सांगावयास नको. जकातदार हा शब्द पापी या शब्दाशी जोडूनच उच्चारला जात असे. तथापि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे हेच जकातदार आले, तेव्हा नाका मोडून टाका असे त्याने सांगितले नाही. ठरवून दिले आहे त्याहून अधिक घेऊ नका, एवढेच त्याने बजावले. पुढे ख्रिस्तसभेने मत्तयाला जकात व हिशेबखात्यातील लोकांचा आश्रयसंत मानले, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे आपल्या लोधीखेड्याकडचा संत्रा.

नागपूरहून सावनेर ओलांडून सौसरकडे निघाले की राज्याची हद्द लागते आणि थोड्याच वेळात लोधीखेडा येते. अलीकडची माती आणि पलीकडची माती एकच, बोली एकच, सोयरिकी दोन्हीकडे. जुन्या मध्यप्रांतात हा सारा मुलूख नागपूर राजधानीच्या छत्राखाली होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. सौसर व पांढुर्णा या तालुक्यांचा मिळून २०२३ साली नवा पांढुर्णा जिल्हा झाला खरा; पण १९५६ साली नकाशावर ओढलेली रेघ जेथल्या तेथेच आहे. माणसांना ती रेघ फारशी जाणवली नाही. लग्ने होत राहिली, सणावारी जाणेयेणे चालू राहिले. ती जाणवली मालाला. बाजार नागपूरचा आणि बाग मध्यप्रदेशातली, अशी स्थिती झाल्यावर कापसाच्या गाठीला व संत्र्याच्या पेटीला मध्ये नाका आला.

एक नाका तर राज्याच्या हद्दीहूनही जुना होता, तो रेल्वेचा. नागपूर ते छिंदवाडा ही लोधीखेड्यावरून जाणारी गाडी अडीच फुटी अरुंद रुळांवर धावत असे. रूंद रुळावरील गाडीला तिचे डबे जोडता येत नसत. दूरदेशी जाणारा माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. उतरवण्याची हमाली निराळी, भरण्याची निराळी, आणि आदळआपटीत जे फळ दबले त्याचा हिशेब कोणीच ठेवीत नसे. ती लहान गाडी २०१५ साली थांबली व तिच्या जागी रुंद रूळ आले. त्या गाडीवर आमच्या भागातील लोकांची माया होती, आजही आहे. परंतु मालाच्या दृष्टीने पाहिले तर एक अडसर दूर झाला, हे मान्य केले पाहिजे.

रस्त्यावरील अडसर त्यानंतर दूर झाले. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्याराज्यांच्या हद्दीवरील विक्रीकराचे नाके उठले. ताजी फळे व भाजीपाला यांवर तसाही हा कर नाही. परंतु नाका करासाठी असला तरी रांग सर्वांचीच लागते, आणि ज्याच्यावर कर नाही अशी संत्र्याची मालमोटारही लोखंड-सिमेंटाच्या मोटारींमागे उभी राहते. परिवहन खात्याचे नाके तेवढे उरले होते. त्यांच्याविषयी वाहनचालकांच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालू होत्या. सातनूरच्या बॅरियरची ओळख सौसरकडच्या वाचकांना करून द्यावयास नको. मध्यप्रदेश शासनाने १ जुलै २०२४ पासून आपल्या हद्दीवरील असे नाके बंद करून त्यांच्या जागी फिरत्या तपासणीची योजना आणली.

आता कोणी म्हणेल, चार तास मोटार थांबली तर असे काय मोठे बिघडते? लोखंडाचे काही बिघडत नाही. संत्र्याचे बिघडते. झाडावरून तोडलेला नागपुरी संत्रा साध्या हवेत आठ-दहा दिवस बरा राहतो; त्यापुढे साल सुकते, देठाकडून फळ मऊ पडते, आणि पेटीतले एक सडके फळ शेजारच्या चारांना लागते. या आठ-दहा दिवसांतच तोडणी, निवड, भरणी, नागपुरातील कळमना बाजारातील लिलाव, लांबचा प्रवास, तेथील अडत्या आणि शेवटी गिऱ्हाईकाची टोपली, हे सारे उरकावयाचे असते. वाटेत किती दिवस जातील हे व्यापाऱ्याला आधी ठाऊक नसते. म्हणून तो वाईटातले वाईट गृहीत धरतो आणि तेवढी रक्कम बागेतच भावातून कापून घेतो. नाक्यावर मोटार उभी असते ती व्यापाऱ्याची. तिच्या थांबण्याचे पैसे भरतो तो बागाईतदार, आणि त्याच्या मागोमाग तोडणीला येणारा मजूर. कराची पावती तरी मिळते. थांबण्याची पावती कोणी देत नाही.

राज्याच्या हद्दीवर ही कथा, तर देशाच्या हद्दीवर काय असेल? विदर्भ-सौसर पट्ट्यातील संत्र्याचे परदेशातील सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. आंबिया बहराचा माल निघू लागला की मोटारी सुमारे बाराशे किलोमीटर तुडवून बंगालच्या उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यातील पेट्रापोल येथे पोहोचतात. पलीकडे बेनापोल. भारत व बांगलादेश यांच्यामधील हे सर्वांत मोठे भूबंदर. येथे निर्यातीचे बिल, फळांना कीड-रोग नसल्याचे प्रमाणपत्र, बँकेचे पत्र, पलीकडच्या आयातदाराची कागदे, हे सर्व जुळावे लागते. आपल्या कागदांची तपासणी येथे होते आणि तीच तपासणी पुन्हा पलीकडे होते. त्यानंतर बेनापोलच्या आवारात माल उतरवून तेथील मोटारीत भरावयाचा. आपली जुनी लहान गाडी आठवते ना? तीच हमाली, तेच दबलेले फळ. मात्र येथे रूळ बदललेले नसून राज्य बदललेले असते. जागतिक बँकेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे नमूद आहे की पेट्रापोल-बेनापोल ओलांडण्यास कित्येक दिवस लागतात, आणि जवळजवळ तेवढीच वाहतूक असलेल्या पूर्व आफ्रिकेतील हद्दी सहा तासांच्या आत ओलांडल्या जातात.

पूर्व आफ्रिका म्हणजे आपल्याहून श्रीमंत मुलूख नव्हे, म्हणून हे वाचून मन थबकते. त्या खंडात काय केले गेले, ते पाहण्यासारखे आहे. झांबिया हा समुद्रकिनारा नसलेला देश. त्याचा माल शेजाऱ्याच्या अंगणातूनच बाहेर पडतो. झांबेझी नदीवरील चिरुंडू येथे झांबिया व झिंबाब्वे यांच्या हद्दीवर मोटारी दोन-तीन दिवस, कधी त्याहून अधिक, उभ्या असत. डिसेंबर २००९ मध्ये दोन्ही देशांनी तेथे एकच सामाईक नाका केला. जाणारी मोटार अलीकडे थांबत नाही. पलीकडच्या एकाच आवारात दोन्ही देशांचे अधिकारी शेजारी शेजारी बसून कागद पाहतात आणि मोटार सोडतात. कोणी कर माफ केला नाही. कोणी तपासणी सोडली नाही. दोनदा होणारे काम एकदा झाले, इतकेच.

हाच विचार पुढे जगाने करारात बांधला. जागतिक व्यापार संघटनेच्या बाली येथील परिषदेत डिसेंबर २०१३ मध्ये व्यापार-सुलभीकरणाचा करार ठरला. भारताने त्याला २०१६ साली मान्यता दिली आणि २२ फेब्रुवारी २०१७ पासून तो अंमलात आला. सर्व नियम आधी छापून जाहीर करणे, कागद माल पोहोचण्यापूर्वीच स्वीकारणे, नाशवंत मालाची तपासणी आधी करून तो शक्य तितक्या लवकर सोडणे, अशी त्याची कलमे आहेत. गरीब देशांना कोणते कलम केव्हा पाळता येईल हे ठरविण्याची मुभा व त्यासाठी साह्यही त्यात ठेवलेले आहे. करार पूर्णपणे पाळला गेल्यास व्यापाराचा खर्च सरासरी चौदा टक्क्यांनी उतरेल, असा त्या संघटनेचा अंदाज होता. सरासरी ही फसवी गोष्ट असते, हे कबूल; परंतु नाशवंत फळ विकणाऱ्याचा लाभ यंत्रे विकणाऱ्याहून कमी असेल असे मला वाटत नाही.

पेट्रापोल येथेही काही पावले पडली आहेत. २०१६ साली तेथे सर्व खाती एका आवारात आणणारे एकात्मिक तपासणी केंद्र सुरू झाले. २०२२ पासून पश्चिम बंगाल शासनाने मालमोटारींची पाळी आगाऊ नोंदविण्याची सोय केली. त्याचे शुल्क पडते आणि त्याविषयी कुरकुर आहे, तरी अनिश्चितता कमी झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मैत्री द्वार’ या नावाने मालासाठी आणखी एक दरवाजा उघडला.

या सुधारणांची खरी किंमत संकटात कळते. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे पेट्रापोलचा व्यापार बंद पडला आणि तो पुन्हा रांगेला लागेपर्यंत जून उजाडला. त्या जुलै महिन्यात आंध्रप्रदेशातील गुंटूरजवळच्या रेड्डीपालेम येथून सुक्या मिरचीची खास पार्सलगाडी थेट बेनापोलला गेली. सोळा डबे, ३८४ टन माल. रस्त्याने टनामागे सुमारे ७००० रुपये पडत, ते रेल्वेने ४६०८ रुपये पडले. हाताला काम नसलेल्या त्या दिवसांत गुंटूरच्या शेतकऱ्याची मिरची विकली गेली आणि पलीकडच्या गृहिणीला ती मिळाली. बुडालेला संसार पुन्हा उभा राहावयाचा तो अशाच लहान लहान व्यवहारांनी. त्यांची वाट मोकळी करून देणे हे सरकारांच्या हातातील सर्वांत स्वस्त साह्य आहे, असे माझे मत आहे.

परंतु वाट मोकळी झाली म्हणजे सारे झाले असे मात्र नव्हे. बांगलादेशाने संत्र्यावरील आयातशुल्क वाढवीत नेले. २०१९ साली ते किलोमागे सुमारे २० रुपये होते, ते २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर गेले. महाराष्ट्र शासनाने त्या हंगामात निम्मा भार उचलण्याची घोषणा केली, यावरूनच दुखणे किती खोल होते ते दिसते. नाक्यावर मोटार एका तासात सुटली तरी फळापेक्षा शुल्क महाग असेल तर ती सोडून उपयोग काय? कागदाचा अडसर आणि शुल्काचा अडसर हे दोन निराळे आहेत. पहिला दूर करण्यात कोणाचेच नुकसान नाही; दुसऱ्यामागे प्रत्येक देशाचा काही हेतू असतो, आणि त्या हेतूला उत्तर देण्यासाठी वाटाघाटीच कराव्या लागतात.

शिवाय दार उघडते ते दोन्ही बाजूंनी, याची जाणीव सौसरच्या कापूसवाल्याइतकी कोणाला असणार? ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने परदेशी कापसावरील अकरा टक्के शुल्क वर्षअखेरपर्यंत उठविले, तेव्हा गिरण्या संतोषल्या आणि शेतकरी धास्तावले. त्याच वर्षी मे महिन्यात भारताने बांगलादेशातील तयार कपड्यांना भूमार्ग बंद करून केवळ न्हावाशेवा व कोलकाता या बंदरांची वाट ठेवली. ढाक्याच्या कारखान्यात शिलाई करणारी बाई आपल्या संत्र्याची गिऱ्हाईक आहे. तिच्या सदऱ्याला वाट बंद झाली तर तिच्या घरची फळांची टोपली रिकामी राहील, हा हिशेब दिल्लीत कोणी मांडला असेल काय, असा विचार मनात येतो. अर्थात ढाक्यानेही त्याआधी आपल्या सुतास भूमार्गाने मज्जाव केला होता. दोष एकाच घरचा नव्हे.

संत पोप सहावे पॉल यांनी २६ मार्च १९६७ रोजी राष्ट्रांच्या विकासाविषयी ‘पोपुलोरुम प्रोग्रेसियो’ हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. दुबळा आणि बलवान यांच्यामधील व्यवहार केवळ खुला आहे म्हणून न्याय्य ठरत नाही, असे त्यांनी त्यात निक्षून सांगितले. व्यापार नको असे ते म्हणाले नाहीत; दुबळ्याला त्यात उभे राहता येईल अशा अटी असाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. नाक्याच्या बाबतीत त्याचा साधा अर्थ असा की मोठ्या कंपनीपाशी कागद पाहणारे दहा कारकून असतात. पाच एकरांच्या बागाईतदारापाशी कोणी नसतो. नियम जितके गुंतागुंतीचे, तितका मोठ्याचा लाभ. नियम सोपे झाले तर पहिला फायदा लहानाला मिळतो.

तपासणी मात्र असावीच. फळमाशी वा रोगट रोप आपल्या बागांत शिरले तर पिढीची मेहनत मातीत जाईल. चोरटा माल आणि अफूगांजा यांना सोडून देऊन कोणाचे भले होणार नाही.

आपल्या कुटुंबांनी काय करावे, हा प्रश्न उरतो. परदेशी माल पाठविण्यास लागणारा आयात-निर्यात क्रमांक पूर्वी हेलपाटे घालून मिळवावा लागे. आता तो घरबसल्या संगणकावर मागता येतो. शुल्क ५०० रुपये, आणि क्रमांक आपल्या पॅन क्रमांकाचाच असतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यावरील माहिती पुन्हा पडताळून द्यावी लागते, ते विसरल्यास क्रमांक निष्क्रिय होतो. एकट्या शेतकऱ्याला मोटारभर निवडक माल जमविणे कठीण. दहा-बारा घरांनी मिळून शेतकरी उत्पादक कंपनी नोंदविली तर एक क्रमांक, एक हिशेबनीस आणि एकसारखी निवड एवढ्यावर भागते. ज्या घरात शिकलेली मुलगी किंवा सून आहे तेथे हे काम तिच्याकडे सोपवावे. फवारणीची नोंदवही मात्र आतापासूनच ठेवा. कोणते औषध, कोणत्या तारखेला, कोणत्या झाडांवर मारले, हे लिहिलेले नसेल तर उद्या परदेशी गिऱ्हाईक विचारील तेव्हा उत्तर देता येणार नाही.