मोडीत न जाणारं इंजिन

तांब्या-पितळेची जुनी भांडी मोडीत द्यायची, त्याचे पैसे वळते करून नवी घ्यायची, हा व्यवहार आपल्याकडे घरोघरी चालायचा. पॅरिसजवळच्या श्वाझी-ल-र्वा इथल्या रेनो कंपनीच्या कारखान्यात १९४९ पासून मोटारीच्या इंजिनांबाबत जवळपास हेच होत आलं. फरक एकच, पण फार मोठा: परत आलेलं इंजिन सरसकट भट्टीत जात नाही.

गॅरेजमध्ये थकलेलं इंजिन उतरवतात, त्या जागी कारखान्यातून तयार होऊन आलेलं बसवतात आणि जुनं कंपनीकडे रवाना करतात. गिऱ्हाइकाला नव्यापेक्षा ३० ते ५० टक्के कमी पैसे पडतात, वर हमी मिळते. कारखान्यात जुनं इंजिन सुटं सुटं होतं, धुतलं जातं, त्याचा एकेक भाग मोजला जातो. ब्लॉक आणि क्रँकशाफ्ट पुन्हा मापात आणतात, झिजलेलं बदलतात, सगळं जोडून चाचणी घेतात. आपल्याकडचा मिस्त्री सिलिंडर बोअर करून नव्या रिंगा टाकतो ना, तेच काम. पण कारखान्याच्या शिस्तीत. नवा भाग बनवण्याच्या तुलनेत या कामात ऊर्जा ८० टक्के आणि पाणी ८८ टक्के कमी लागतं. कारण उघड आहे. ब्लॉक वितळवला तर हाती फक्त धातू उरतो. तो ओतताना आणि घडवताना लागलेली उष्णता, यंत्राचे तास, कारागिराची मेहनत सगळं वाया जातं. ब्लॉक वाचवला तर हे सारं वाचतं. पुनर्वापराच्या चर्चेत वितळवण्याचंच कौतुक जास्त होतं, याची मला खंत वाटते.

श्वाझीतल्या अनुभवावरून पुढचे भाग कसे आखावेत, हेही ठरू लागलं: भागांचे प्रकार कमी ठेवा, ते पुन्हा वापरता येतील असे घडवा. कुर्ल्याच्या भंगार बाजारात गाडी खोलणाऱ्यालाही कुठला भाग सुटतो आणि कुठला फोडावाच लागतो, हे तोंडपाठ असतं. त्याचं म्हणणं गाडीचा आराखडा काढणाऱ्यापर्यंत पोचायला हवं.

पण अख्खी गाडीच आयुष्य संपून आली, तर एकट्या कंपनीचं चालत नाही. म्हणून रेनोनं २००८ मध्ये कचरा-व्यवस्थापनातल्या सुएझ कंपनीबरोबर 'इंद्रा' या गाड्या खोलणाऱ्या कंपनीत भागीदारी केली. गाडी आधी नीट खोलायची आणि मगच चुरा करायचा, या क्रमाला महत्त्व आहे. तारांचं जाळं आत राहून पोलादात तांबं मिसळलं, तर ते वितळवताना वेगळं काढणं जवळजवळ अशक्य. असं पोलाद गाडीच्या पत्र्याला चालत नाही. त्याच्या बांधकामाच्या सळ्या होतात. तारा आधी काढल्या तर तांबंही मिळतं आणि पोलादही शुद्ध राहतं.

मला सर्वांत भावलेली भागीदारी कापडाची आहे. २०१९ च्या झोई या विजेवरच्या गाडीसाठी दक्षिण फ्रान्समधल्या 'फिलात्यूर द्यु पार्क' या सूतगिरणीनं सीटबेल्टचे उरलेले तुकडे, कापडाची कात्रणं आणि प्लास्टिकच्या बाटल्यांचे धागे पिंजून सूत काढलं. त्यात ना रसायन, ना वितळवणं. 'एडिएंट' कंपनीनं त्याचं कापड विणलं आणि ते गाडीतल्या बैठकांवर चढलं.

झोई तयार व्हायची ती सीन नदीकाठच्या फ्लँसला. १९५२ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्यातून दोफिन, रेनो ५, क्लिओ अशा मिळून सुमारे १ कोटी ८० लाख गाड्या बाहेर पडल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये रेनोनं जाहीर केलं, की हा कारखाना यापुढे जुन्या गाड्यांसाठी राबेल. २०२१ मध्ये तिथं वापरलेल्या गाड्या विक्रीजोग्या करण्याचा विभाग उघडला, पाठोपाठ श्वाझीचं इंजिनकामही तिथंच आलं. मार्च २०२४ मध्ये झोईचं उत्पादन थांबलं आणि फ्लँसमध्ये नवी गाडी जोडणं संपलं.

विजेवरच्या गाड्यांच्या नादुरुस्त बॅटऱ्या मात्र दुरुस्तीसाठी आता फ्लँसलाच येतात. त्यांत झोईच्याही असतात.