गृहशिक्षण देणाऱ्या मातांमधील बर्नआउट : कारणे व प्रतिबंध

प्रस्तावना

गृहशिक्षणाची चर्चा निघाली की प्रश्न विचारले जातात ते मुलाविषयी. परीक्षेचे काय, मित्र कोठून मिळणार, पुढे प्रवेश मिळेल काय? यांपैकी परीक्षेच्या प्रश्नाला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था किंवा राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज असे उत्तर देता येते. मात्र शिकविणाऱ्या व्यक्तीचे, म्हणजे बहुतेक घरांत आईचे, काय होते हे क्वचितच विचारले जाते. मोठ्या उमेदीने आरंभ केलेली आई काही काळाने थकते, मुलावर खेकसू लागते आणि दोष स्वतःच्या स्वभावाला देते. हा दोष स्वभावाचा नसून कामाच्या रचनेचा आहे, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

संकल्पना

‘बर्नआउट’ ही संज्ञा मानसशास्त्रात रूढ झाली ती हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांच्या १९७४ मधील लेखामुळे. त्यांचे निरीक्षण न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात झोकून देऊन काम करणाऱ्यांविषयीचे होते. जो अधिक निष्ठेने राबतो तोच आधी कोसळतो, हे त्यांच्या लक्षात आले. पुढे क्रिस्टीना मास्लाक यांनी या अवस्थेची तीन अंगे सांगितली : भावनिक थकवा, ज्यांच्यासाठी काम करावयाचे त्यांच्याविषयीच वाटणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काहीच होत नाही ही भावना.

जागतिक आरोग्य संघटनेने रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद घेतली आहे. परंतु ही संज्ञा केवळ व्यवसायाच्या संदर्भातच वापरावी, अशी मर्यादाही घातली आहे. म्हणजे पगारी शिक्षिकेला बर्नआउट होऊ शकतो, तेच काम घरी विनावेतन करणाऱ्या आईला या व्याख्येनुसार तो होत नाही! ही उणीव बेल्जियममधील इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलायचाक यांच्या संशोधनाने काही अंशी भरून काढली. पालकांवरील ताण आणि त्यांच्या हाताशी असलेले आधार यांचा तोल दीर्घकाळ ढळला की पालकत्वाचाच बर्नआउट होतो, असे त्या मांडतात.

शिक्षिकेचे तास, आईचे तास

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या परिशिष्टात एक तरतूद आहे, तिच्याकडे गृहशिक्षणाच्या दृष्टीने फारसे पाहिले जात नाही. शिक्षकाने आठवड्यात किमान ४५ तास काम करावे, असे तेथे म्हटले आहे आणि पाठाची पूर्वतयारी या तासांतच धरली आहे. शिक्षिकेच्या कामाला असे मोजमाप आहे, शिवाय घंटा आहे, सुट्टी आहे. आईच्या कामाला यांपैकी काहीही नाही. भारत सरकारच्या २०१९ मधील वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातील सरासरी वेळ २९९ मिनिटे, तर पुरुषांचा ९७ मिनिटे आढळला. गृहशिक्षणाचे तास या पाच तासांतून वजा होत नाहीत, ते त्यांवर चढविले जातात.

ही ओढाताण आजची नाही. पंडिता रमाबाईंना त्यांच्या आई लक्ष्मीबाई यांनी संस्कृत शिकविले. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रमाबाईंच्या इंग्रजी ग्रंथाला रेचल बॉडली यांची प्रस्तावना आहे. तीत हे पाठ पहाटे होत, कारण दिवसभर आईला घरकामातून सवड नसे, असे वर्णन येते. आपण या प्रसंगातील वात्सल्य पाहतो आणि ते खरेच आहे. पण त्या माउलीची झोप कोणी मोजली?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जेनिफर लोइस यांनी गृहशिक्षण देणाऱ्या मातांचा दीर्घकाळ अभ्यास केला (त्यांचा ग्रंथ २०१२ चा आहे). शिक्षिका, आई आणि गृहिणी या भूमिका एकाच व्यक्तीत, एकाच छपराखाली एकमेकींना छेदतात आणि त्यातून बर्नआउट उद्भवतो, असे त्यांना आढळले. २०२० च्या टाळेबंदीत एका टेबलावर स्वतःचे ऑनलाइन व्याख्यान आणि मुलाची वजाबाकी सांभाळताना प्रस्तुत लेखिकेने याचा अल्पसा अनुभव घेतला. अर्थात तो नाइलाज होता. स्वेच्छेने गृहशिक्षण पत्करणाऱ्या आईला तक्रार करण्याचीही सोय नसते. ‘तुम्हीच ठरवलेत ना?’ हे उत्तर तयारच असते.

प्रतिबंधाचा विचार

‘स्वतःसाठी वेळ काढा’ हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो. तो वेळ कोणाच्या वाट्यातून यावयाचा, हे सांगितले जात नाही. त्यापेक्षा कामच कमी करणे हितावह होय. उपरोक्त अधिनियमानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन अपेक्षित आहे, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. हे चार तास भरलेल्या वर्गासाठी आहेत. हजेरी, शिस्त, वह्या तपासणे, सर्वांची वाट पाहणे हे त्यात आलेच. समोर एकच मूल असता तेवढा वेळ बसविण्याचे कारण नाही. सकाळी आठ ते एकचे वेळापत्रक भिंतीवर लावणारी आई शाळा सोडून शाळेचेच ओझे घरी आणते. लोइस यांच्या अभ्यासातील मातांनाही अपेक्षा सैल केल्यावरच सावरता आले.

याच्या उलट टोकाचा धोकाही सांगितला पाहिजे. ‘स्वयंपाकघर हीच प्रयोगशाळा’ हे वाक्य ऐकावयास गोड आहे, परंतु प्रत्येक पोळीतून अपूर्णांक शिकवू पाहणारी आई दिवसभर शिक्षिकाच राहते. पोळी ही कधी कधी केवळ पोळी असावी.

दुसरी बाब वडिलांची. रविवारी विज्ञानाचा प्रयोग करून दाखविणे ही मदत झाली, जबाबदारी नव्हे. एक विषय निवडीपासून पूर्वतयारी व तपासणीपर्यंत वडिलांकडे पूर्णतः सोपविला, तरच आईच्या डोक्यातून तो विषय उतरतो. वडिलांना हे शक्य नसेल तर तेवढे घरकाम त्यांच्याकडे जावे. पाढे आजोबांकडे, गोष्ट आजीकडे, आठवड्यातील एक दिवस दुसऱ्या गृहशिक्षित कुटुंबाकडे, अशी वाटणीही साधता येते.

शेवटची बाब परतीच्या वाटेची. गृहशिक्षण थांबविणे म्हणजे पराभव, या समजुतीमुळे थकलेली आई वर्षानुवर्षे रेटत राहते. वर्षातून एकदा, शक्यतो एप्रिलमध्ये, पुढील वर्षाचा निर्णय मुलासह सर्वांनी नव्याने घ्यावा. सहा ते चौदा वयोगटातील मुलासाठी कायद्याने दार उघडे ठेवले आहे. अधिनियमाच्या कलम ४ नुसार शाळेत कधीही न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्कही असतो.