जुने लाकूड हलते का?

पुण्याच्या पेठांमधले जुने वाडे पाडले जातात, तेव्हा त्यांच्या सागवानी तुळया आणि कड्या वखारीत येतात. अशाच काही कड्या आम्ही विकत घेतल्या, त्यांच्या ८ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या कापून आणल्या आणि घरातल्या एका खोलीत शहाबादी फरशीवर एप्रिल महिन्यात बसवल्या. पट्ट्या एकमेकींना आणि भिंतींना अगदी घट्ट भिडवल्या. खाली पांढऱ्या डिंकाचे ठिकठिकाणी ठिपके दिले. "शंभर वर्षांचं लाकूड आहे, आता काय हलणार?" असे सुतारकाका म्हणाले आणि आम्हांलाही ते पटले. जुलैत खोलीच्या मधोमध जमीन चांगली चार बोटे वर उचलली गेली. पाय ठेवला की ती रिकाम्या डब्यासारखी वाजे.

एवढी उंची पाहून लाकूड फारच फुगले असावे असे वाटते. पण हिशेब करून पाहू या. खोलीची रुंदी ३००० मिलिमीटर आणि लाकूड फक्त ४ मिलिमीटर जास्त झाले असे धरू. भिंती हटत नाहीत, तेव्हा जमीन मध्यावर तंबूसारखी उठते. अर्धी बाजू १५०२, तिचा पाया १५००. पायथागोरसच्या सिद्धान्ताने उंची येते ६००४ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ७७ मिलिमीटर. वर्गात हे उदाहरण घालून आधी मुलांना अंदाज विचारावा. बहुतेकजण चारपाच मिलिमीटर सांगतील.

आता लाकूड फुगते का ते पाहू. लाकडाच्या पेशींच्या भिंती प्रामुख्याने सेल्युलोजच्या सूक्ष्म तंतूंच्या असतात. या भिंती हवेतली बाष्पे धरून ठेवतात. पाण्याचे रेणू तंतूंच्या मधे शिरतात आणि त्यांना एकमेकांपासून दूर सारतात. तंतू बहुतांशी झाडाच्या उंचीच्या दिशेने असल्यामुळे पट्टीची लांबी जवळजवळ बदलत नाही, रुंदी मात्र बदलते. त्यातही वार्षिक वलयांना समांतर दिशेतली वाढ वलयांना काटकोनातल्या वाढीच्या सुमारे दुप्पट असते.

पुण्यात मे महिन्याच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते, तर जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांच्या वर असते. घरातल्या लाकडातला पाण्याचा अंश त्याप्रमाणे, समजा, ८ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर गेला. सागवान हे त्यातल्या त्यात कमी हलणारे लाकूड. तरी पाण्याच्या अंशातल्या एका टक्क्याच्या वाढीमागे ते वलयांच्या दिशेने साधारण ०.२ टक्का रुंदावते. म्हणजे ७५ मिलिमीटरची पट्टी ०.९ मिलिमीटरने वाढली. हे काहीच नाही. पण अशा ४० पट्ट्या शेजारी शेजारी आहेत, आणि ३६ मिलिमीटर जायला जागा नाही! काही वाढ सांध्यांत आणि लाकूड दाबले जाण्यात जिरते, म्हणून बरे.

सुतारकाकांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. ओल्या लाकडाचे पहिले मोठे वाळणे, पिळणे, तडकणे कडीत केव्हाच होऊन गेलेले असते. पण सेल्युलोजची पाण्याची ओढ शंभर वर्षांनी संपत नाही. दर पावसाळ्यात ती कडी वाड्यातही फुगत होती. दोन्ही बाजूंना मोकळी जागा असल्याने कोणाला कळत नव्हते, एवढेच.

मग पातळ पट्टीचा फायदा काय? फुगणाऱ्या लाकडाचा रेटा त्याच्या जाडीच्या प्रमाणात असतो. २० मिलिमीटरची फळी ८ मिलिमीटरच्या पट्टीच्या अडीचपट जोराने ढकलते. डिंकाचे क्षेत्र मात्र दोन्हींना सारखेच मिळते. म्हणून पातळ पट्टी पूर्ण पृष्ठभागावर चिकटवली तर डिंक तिला धरून ठेवू शकतो. आमच्या ठिपक्यांना ते कसे जमावे? शिवाय पांढऱ्या डिंकात पाणी असते. पट्टीची खालची बाजू तेवढी भिजून फुगली आणि कडा वर वळल्या. पातळ लाकडाचा हा तोटा.

दुसऱ्या खेपेला पट्ट्या उकलून, मधे काड्या घालून त्याच खोलीत तीन आठवडे रचून ठेवल्या. काम नोव्हेंबरात केले, कारण तेव्हा लाकूड दोन टोकांच्या मधल्या स्थितीत असते. फरशीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवला. खाली थेंब जमले असते तर जमिनीतून ओल येते असे समजून काम थांबवले असते. सुकल्यावर रबरासारखा लवचीक राहणारा पॉलियुरेथेनचा डिंक सलग पसरला. पट्ट्यांच्या लांबीला समांतर असलेल्या दोन्ही भिंतींशी १२ मिलिमीटर फट सोडली. तिच्यावर स्कर्टिंगची पट्टी बसवली. ती भिंतीला ठोकली, जमिनीला नाही.

जुने लाकूड कापण्याआधी त्यावर लोहचुंबक फिरवावा, आत मोडलेले खिळे असतात. जुना तैलरंग मात्र कोरडा घासू नये. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी कडक मर्यादा आली. त्याआधीच्या रंगाच्या धुळीत शिसे असू शकते.

उरलेल्या पट्टीचे दोन तुकडे आम्ही शाळेत नेले आहेत, एक तंतूंच्या दिशेने लांब कापलेला, एक आडवा. विद्यार्थी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी व्हर्नियर कॅलिपरने त्यांची लांबी मोजतात आणि वहीत त्या दिवशीची आर्द्रता लिहितात.