प्रमाणपत्रानंतरचे १२० तास

२०१६ साली माहिती सुरक्षेच्या परीक्षेला बसणारा उमेदवार एक नियम तोंडपाठ करून जायचा. कर्मचाऱ्यांना दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावायचा, आणि त्यात कॅपिटल अक्षर, आकडा, चिन्ह असलंच पाहिजे. पुढच्याच वर्षी, जून २०१७ मध्ये, अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने हा सल्ला मागे घेतला. सक्ती केली की लोक जुन्याच पासवर्डच्या शेवटचा आकडा तेवढा बदलतात, हे चोरांनाही ठाऊक असतं. त्यापेक्षा पासवर्ड लांबलचक ठेवावा आणि तो फुटल्याचा पुरावा मिळाला तरच बदलावा, अशी नवी भूमिका आली. मूळ नियम लिहिणाऱ्या बिल बर यांनी आपल्या जुन्या सल्ल्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. २०१६ साली परीक्षा पास होऊन तिथेच थांबलेला माणूस मात्र आजही आपल्या कंपनीत तोच जुना नियम राबवत असू शकतो.

म्हणूनच या क्षेत्रातली बहुतेक नावाजलेली प्रमाणपत्रं आता कायमची मिळत नाहीत. डॉक्टरांना हे नवं वाटणार नाही, कारण महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर पाच वर्षांत ३० क्रेडिट गुण जमवावे लागतात. सायबर सुरक्षेत हे चक्र बहुधा तीन वर्षांचं असतं आणि तास बरेच जास्त. आयएससी-टू या संस्थेचं सीआयएसएसपी प्रमाणपत्र टिकवायला तीन वर्षांत १२० क्रेडिट लागतात. त्यातली किमान ९० थेट सुरक्षेच्या विषयांतली हवीत, उरलेली नेतृत्व, लेखन, व्यवस्थापन अशा कौशल्यांची चालतात. आयसाका या संस्थेच्या सिसा आणि सीआयएसएम या प्रमाणपत्रांनाही तीन वर्षांत १२० तासच लागतात, पण दर वर्षी किमान २० तास झालेच पाहिजेत, अशी जादा अट आहे. कॉम्पटियाच्या सिक्युरिटी प्लसला तीन वर्षांत ५० क्रेडिट पुरतात. हेच सिक्युरिटी प्लस २०११ पूर्वी एकदा मिळालं की जन्मभर चालायचं.

१२० तास म्हणजे महिन्याला तीन-साडेतीन तास. ऐकायला किरकोळ वाटतं. पण नोकरी, प्रवास आणि घर सांभाळून ते काढायचे, त्यावर सीआयएसएसपीसाठी वर्षाला १३५ डॉलर, म्हणजे अकरा-बारा हजार रुपये देखभाल फी भरायची, आणि क्रेडिट मिळावीत म्हणून महागड्या परिषदांनाही जायचं, हे पुण्या-मुंबईतल्या मध्यम पगाराच्या अभियंत्याला परवडत नाही. तीन वर्षं सरली आणि क्रेडिट कमी पडली, तर सवलतीच्या मुदतीनंतर प्रमाणपत्र हातचं जाऊ शकतं. ते परत हवं असेल तर साडेसातशे डॉलरच्या घरातली परीक्षा पुन्हा द्यायची.

अशा वेळी वेबिनार मदतीला येतो. तो बहुतेकदा फुकट असतो आणि त्यासाठी घराबाहेर पडावं लागत नाही. सर्वसाधारण हिशेब एका तासाला एक क्रेडिट असा आहे. आयसाका ५० मिनिटांचाच तास धरते. आयएससी-टूच्या स्वतःच्या वेबिनारला नाव नोंदवताना सदस्य क्रमांक नीट दिला, तर क्रेडिट आपोआप खात्यात जमा होतं. बाहेरच्या संस्थेचा वेबिनार असेल, तर विषय, तारीख, कालावधी लिहून आणि हजेरीचं प्रमाणपत्र जोडून नोंद स्वतः करावी लागते. दोन प्रमाणपत्रं असलेल्यांना एक सोय ठाऊक असलेली बरी: विषय दोन्हींना लागू असेल, तर एकच वेबिनार सीआयएसएसपीलाही मोजता येतो आणि सिसालाही.

अडचण घड्याळाची आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी एकला सुरू होणारा वेबिनार आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेदहाला आणि हिवाळ्यात साडेअकराला लागतो. दिवसभर काम करून त्या वेळी क्लाउडच्या परवानग्यांवरचं व्याख्यान किती डोक्यात शिरणार? रेकॉर्डिंग उपलब्ध असेल तर ते सकाळी ताज्या डोक्याने पाहावं. बहुतेक संस्था त्यालाही क्रेडिट देतात, मात्र तिथे शेवटी छोटी प्रश्नमंजूषा असू शकते.

वेबिनारची खरी ताकद फुकटपणापेक्षा वेगात आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या जावाच्या छोट्याशा लायब्ररीत भयंकर भोक सापडलं. विशिष्ट ओळ नोंदवहीत लिहिली गेली की हल्लेखोराला थेट सर्व्हरचा ताबा मिळत होता, आणि ही लायब्ररी जगभरच्या असंख्य उत्पादनांच्या पोटात दडलेली होती. आपल्याकडे ती नेमकी कुठे आहे, हेच कित्येक कंपन्यांना माहीत नव्हतं. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट यायला वर्ष-दोन वर्षं गेली असती. सॅन्ससारख्या संस्थांनी काही दिवसांतच वेबकास्ट घेऊन ती कशी शोधायची आणि दुरुस्ती होईपर्यंत काय करायचं, ते दाखवलं. त्या आठवड्यात ऐकलेल्या एका तासाचं मोल कोणत्याही क्रेडिटपेक्षा मोठं होतं.

आता दुसरी बाजू. या पद्धतीत मोजली जाते ती हजेरी. वेबिनार एका खिडकीत म्यूट करून दुसऱ्या खिडकीत ईमेल उरकता येतात. डिसेंबर आला की आयसाकाच्या सदस्यांची धावपळ सुरू होते, कारण त्यांचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं. मग शनिवार-रविवारी लागोपाठ रेकॉर्डिंग लावून वीस तासांचा कोटा भरला जातो. नियमाला हे पुरतं, पण अशा माणसाच्या भरवशावर एखाद्या बँकेतल्या ठेवी किंवा रुग्णालयातल्या नोंदी असतात, हे विसरता कामा नये. हजेरीच्या आकड्यामागे शिकणं नसेल, तर त्याची किंमत शेवटी तिसराच कोणीतरी मोजतो.

जाहिरातींचाही सुळसुळाट आहे. कंपनीचा विक्रेता ‘झिरो ट्रस्ट’वर बोलायला बसतो आणि दहाव्या मिनिटाला स्वतःच्या उत्पादनाच्या स्लाइडवर पोचतो. आयसाकाने यावर लगाम घातला आहे: विक्रीच्या सादरीकरणांचे वर्षाला १० तासच मोजले जातात. कॉम्पटियाचा निकष निराळा आहे. कार्यक्रमाचा किमान निम्मा भाग परीक्षेच्या अभ्यासक्रमाशी जुळला पाहिजे. नाव नोंदवण्यापूर्वी वक्ता कोण आणि तो कशासाठी बोलतोय, एवढं पाहिलं तरी बराच वेळ वाचतो.

मग निवड कशी करावी? आपण ज्याची राखण करतो, तिथून सुरुवात करावी. बँकेत काम करणाऱ्यासाठी पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण पुरेसं बोलकं आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये हल्लेखोरांनी एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेऐवजी, म्हणजे एटीएम स्विचऐवजी, आपलीच बनावट यंत्रणा पुढे केली. मग २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, दोन दिवसांनी बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय ‘स्विफ्ट’ यंत्रणेमार्गे हाँगकाँगला रक्कम वळवली गेली, आणि एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. सहकारी बँकेतल्या सुरक्षा अधिकाऱ्याने एटीएम स्विच आणि पेमेंट यंत्रणांवरचे पाच वेबिनार लक्ष देऊन ऐकले, तर ते कुठल्याही सर्वसाधारण विषयावरच्या वीस तासांपेक्षा कामाचे ठरतील.

कायद्याकडेही दुर्लक्ष चालणार नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. अमेरिकी वक्त्याच्या वेबिनारमध्ये यातलं काही नसतं. पुणे आणि मुंबई या दोन्ही शहरांत आयसाकाच्या शाखा आहेत. शाखांच्या कार्यक्रमांत इथले प्रश्न विचारता येतात आणि तेही तास मोजले जातात.

हे सगळं विद्यार्थ्यांना लवकर कळायला हवं. आयएससी-टूने २०२२ मध्ये दहा लाख लोकांना ‘सर्टिफाइड इन सायबरसिक्युरिटी’ हे सुरुवातीच्या पातळीचं प्रशिक्षण आणि परीक्षा मोफत देण्याची घोषणा केली. परीक्षा मोफत असली तरी प्रमाणपत्र टिकवायला वर्षाला ५० डॉलर आणि तीन वर्षांत ४५ क्रेडिट लागतात. बायोडाटात ते प्रमाणपत्र लिहिणाऱ्या मुलामुलींनी महिन्याला एक-दोन वेबिनारची सवय पहिल्याच वर्षी लावून घ्यावी, म्हणजे तिसऱ्या वर्षी धांदल उडत नाही.

सवयीइतकंच महत्त्व टिपणांना आहे. संस्था काही सदस्यांचे दावे निवडून तपासतात आणि तेव्हा पुरावा मागतात. प्रत्येक वेबिनारनंतर चार-पाच ओळी लिहाव्यात: नवीन काय कळलं, आपल्या कार्यालयात त्यातलं काय तपासायचं, कोणाला सांगायचं. सोमवारी त्यातली एक गोष्ट प्रत्यक्ष करून पाहावी. तपासणी आली तर टिपण उपयोगी पडतंच, पण ती आली नाही तरी ऐकलेलं त्यामुळेच हाताशी राहतं.

क्रेडिट मिळवायला नेहमी श्रोताच व्हावं लागतं, असंही नाही. सुरक्षेवर व्याख्यान तयार करून देणं, लेख लिहिणं, विनामूल्य शिकवणं हेही या संस्था आपापल्या नियमांनुसार मोजतात, आणि या मार्गाकडे मराठी व्यावसायिकांनी अधिक वळावं असं मनापासून वाटतं. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी लुटली जात आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याबद्दल देशाला सावध केलं. व्हिडिओ कॉलवर कोणताही पोलीस कोणाला अटक करत नाही, पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा, हे सोसायटीच्या सभेत किंवा ज्येष्ठ नागरिक संघात स्वच्छ मराठीत सांगणारा जाणकार हवा आहे. असं व्याख्यान देणाऱ्याने आयोजकांकडून विषय, तारीख आणि कालावधी लिहिलेलं पत्र त्याच दिवशी मागून घ्यावं, आणि तयारीला लागलेले तासही टिपून ठेवावेत.