रक्तनमुना फ्रीजरमध्ये ठेवण्यापूर्वी : ब्रुसेल्ला तपासणी आणि नमुन्याची साठवण

गाय किंवा म्हैस पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर गाभडली, वार अडकली, की पशुवैद्यक ब्रुसेल्लोसिस म्हणजेच सांसर्गिक गर्भपाताची शंका घेतात आणि रक्त तपासायला सांगतात. सोलापूर जिल्ह्यातून पुण्याला औंधच्या पशुरोग अन्वेषण विभागाकडे नमुना पाठवायचा तर अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर. वाटेत नमुना खराब होऊ नये म्हणून काही जण रक्ताची नळी थेट फ्रीजरमध्ये ठेवतात किंवा बर्फात खुपसतात. हेतू चांगला असतो, पण नमुना नेमका त्यानेच वाया जातो.

थोडा गोंधळ शब्दाचाही आहे. नळीतल्या रक्ताची गुठळी झाली तरी आपण ‘रक्त गोठले’ म्हणतो आणि फ्रीजरमध्ये त्याचा बर्फ झाला तरीही ‘गोठले’च म्हणतो. डॉक्टरांनी ‘रक्त गोठू द्या’ सांगितले, तर त्याचा अर्थ सावलीत ठेवून साकळू द्या, एवढाच असतो.

गोठवल्याने काय बिघडते?

ब्रुसेल्लाच्या रोज बंगाल आणि एलायझा या चाचण्या जंतू शोधत नाहीत. जनावराच्या शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे शोधतात. ही प्रतिपिंडे रक्तजलात, म्हणजे गुठळीवर सुटणाऱ्या फिकट पिवळ्या पाण्यात असतात. तांबड्या पेशींची या चाचणीला गरज नसते, उलट अडचणच होते. रक्ताचा बर्फ झाला की पेशी फुटतात. बर्फ वितळल्यावर त्यांतला लाल रंग रक्तजलात उतरतो आणि पुन्हा वेगळा करता येत नाही.

रोज बंगाल चाचणीत रक्तजलाचा थेंब गुलाबी रंगाच्या द्रावणात मिसळून ४ मिनिटे हलवतात आणि बारीक कण जमतात का ते डोळ्यांनी पाहतात. रक्तजलच लालभडक असेल तर हे कण ओळखणे कठीण जाते. एलायझामध्ये तर रंगाची तीव्रता यंत्र मोजते. त्यामुळे असा नमुना बहुधा नाकारला जातो, किंवा निकालावर भरवसा ठेवता येत नाही. बाधित जनावर ‘निरोगी’ ठरले तर ते गोठ्यात राहून बाकीच्यांना बाधा देते, शिवाय धार काढणाऱ्या माणसालाही धोका असतो. निरोगी जनावर ‘बाधित’ ठरले तर दुभती गाय हकनाक गोठ्याबाहेर जाते.

पेशी फुटायला फ्रीजरच लागतो असेही नाही. ओली सुई किंवा सिरिंज, सुईतून जोर लावून नळीत सोडलेले रक्त, मोटारसायकलच्या डिकीत बसलेले हादरे आणि उन्हात उभी गाडी यांनीही रक्तजल लाल होते.

रक्त काढल्यानंतरचे पहिले काही तास

रक्त पशुवैद्यकांकडूनच काढून घ्यावे. नळी साधी, कोरडी, गोठणरोधक नसलेली हवी. जांभळ्या टोपणाची नळी गोचीड तापासारख्या रक्तातील परजीवींच्या तपासणीसाठी असते. दोन्हींची अदलाबदल करू नये. नळी तिरकी करून सावलीत १ ते २ तास न हलवता ठेवावी. गुठळी घट्ट झाली की रक्तजल सुटू लागते. मग नळी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ४ अंशांच्या आसपास, रात्रभर ठेवली तरी चालते. दुसऱ्या दिवशी रक्तजल गुठळीला धक्का न लावता स्वच्छ नळीत काढावे. दवाखान्यात सेंट्रिफ्यूज असेल तर हे काम लवकर आणि नीट होते. घरच्या फ्रीजमध्ये दूध-भाजीशेजारी ही नळी ठेवू नका. दवाखान्यातील फ्रीज हीच तिची जागा.

वेगळे केलेले रक्तजल ४ अंशांवर साधारण आठवडाभर चांगले राहते. उन्हात मात्र त्यात जीवाणू वाढतात, ते गढूळ होते, वास येतो आणि प्रतिपिंडांची मोडतोड सुरू होते.

रक्तजल मात्र गोठवता येते

आठवड्यापेक्षा जास्त थांबायचे असेल तर रक्तजल उणे २० अंशांवर ठेवावे. तिथे प्रतिपिंडे महिनोन् महिने टिकतात. गोठताना द्रव फुगतो, म्हणून नळी काठोकाठ भरू नये.

खरा धोका पुन्हा पुन्हा गोठण्या-वितळण्याचा. प्रत्येक फेरीत प्रतिपिंडांचे थोडे नुकसान होते आणि काठावरचा नमुना ‘नाही’कडे झुकू शकतो. फ्रीज आपोआप बर्फ वितळवणारा असेल किंवा भारनियमनाने वीज जात असेल, तर अशा फेऱ्या कोणाच्या लक्षातही येत नाहीत. म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी एकाच मोठ्या नळीऐवजी रक्तजल दोन-तीन छोट्या नळ्यांत विभागावे. लागेल ती एकच बाहेर काढता येते. वितळवायचे ते खोलीच्या तापमानाला, गरम पाण्यात नव्हे. वितळल्यावर प्रथिने तळाशी जमतात, म्हणून नळी हलक्या हाताने चार-पाच वेळा उलटसुलट करूनच थेंब घ्यावा. हे राहून गेले तर वरच्या थेंबात प्रतिपिंडे कमी सापडतात.

गाभडल्यानंतर लगेच घेतलेल्या नमुन्यात प्रतिपिंडे पुरेशी नसू शकतात. डॉक्टरांनी दोन-तीन आठवड्यांनी दुसरा नमुना मागितला तर टाळाटाळ करू नका. पहिले रक्तजल गोठवून ठेवले असेल, तर दोन्ही नमुने एकाच वेळी तपासून फरक पाहता येतो.

पाठवताना

थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या ठेवा, पण नळी त्यांना टेकू देऊ नका. मध्ये वर्तमानपत्राची जाड घडी घाला. गुठळीसह रक्त पाठवत असाल तर हे विशेष सांभाळा, कारण टेकलेल्या बाजूने ते गोठते. नळीवर कानातील बिल्ल्याचा क्रमांक आणि रक्त काढल्याची तारीख न पुसणाऱ्या शाईने लिहा. सोबतच्या चिठ्ठीत जनावर कधी गाभडले आणि वासरूपणी, ४ ते ८ महिन्यांच्या वयात, ब्रुसेल्लाची लस दिली होती का, हेही कळवा. लशीमुळेही प्रतिपिंडे तयार होतात, त्यामुळे निकाल वाचताना प्रयोगशाळेला ही माहिती लागते. शक्यतो आठवड्याच्या सुरुवातीला पाठवा, म्हणजे डबा शनिवार-रविवारी कुरिअरच्या गोदामात पडून राहणार नाही.