काळ्या खारी, पांढऱ्या खारी

खार कोणी पाहिलेली नाही? झाडाच्या बुंध्यावरून सरसर खालीवर करणारा, शेपूट उडवीत चिरचिरणारा हा चिमुकला जीव आपल्या इतक्या परिचयाचा आहे, की त्याच्या रंगाकडे निरखून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. सेतू बांधताना वाळूचे कण वाहून आणणाऱ्या खारीच्या पाठीवरून प्रभू रामचंद्रांनी बोटे फिरवली व पट्टे उमटले, ही कथा आपण लहानपणीच ऐकलेली असते. (दक्षिण भारतातील खारीच्या पाठीवर तीन पट्टे असतात, तर उत्तरेकडील जातीच्या पाठीवर पाच. तेव्हा प्रभूंनी दोन्हीकडे सारखीच बोटे टेकवली नसावीत!) परंतु एकाच जातीच्या खारींत, एवढेच नव्हे तर एकाच घरट्यातील भावंडांत, एक करडी आणि दुसरी काळीकुट्ट निघावी, हा काय प्रकार आहे?

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण उत्तर अमेरिकेतील करड्या खारीचे. तिचा एखादा केस भिंगाखाली धरला, तर तो मुळी करडा नसतोच. त्यावर काळसर आणि पिवळसर पट्टे असतात. दुरून त्यांची सरमिसळ होऊन करडा रंग दिसतो. केसाला रंग देणारे द्रव्य म्हणजे मेलॅनिन. त्याचे दोन प्रकार आहेत, एक काळे-तपकिरी व दुसरे तांबूस-पिवळे. केस वाढत असताना रंगपेशी कधी हे, कधी ते द्रव्य पुरविते. कोणते द्रव्य केव्हा पुरवायचे, हे ठरविणारी एक कळच जणू पेशीच्या पृष्ठभागावर बसविलेली असते. ही कळ घडविणाऱ्या जनुकाला ‘एमसी-१-आर’ असे रुक्ष नाव आहे. काळ्या खारींच्या या जनुकातील २४ अक्षरे गळालेली आहेत, असे इंग्लंडमधील संशोधकांनी २००९ साली दाखवून दिले. त्यामुळे कळ दाबलेलीच राहते आणि केसात काळे द्रव्य भरत जाते. आई व बाप या दोघांकडूनही असे सदोष जनुक आले, तर पिल्लू कोळशासारखे काळे होते. एकाकडूनच आले, तर काळपट-तपकिरी.

पुढे २०१९ साली आणखी गंमत उघड झाली. हीच २४ अक्षरे ‘फॉक्स स्क्विरल’ या मोठ्या, तांबूस खारीच्या काळ्या प्रकारातही गळालेली आढळली. म्हणजे हा काळा रंग बहुधा पूर्वी कधीतरी झालेल्या संकरातून एका जातीतून दुसरीत आला.

इंग्लंडात करडी खार मुळात अमेरिकेतून आणलेली आहे, आणि काळी खार तेथे प्रथम १९१२ साली दिसली. कोणाच्या तरी खाजगी संग्रहातून ती निसटली असावी. आता हर्टफर्डशायर व केंब्रिजशायर भागांत ती सर्रास दिसते. ती अधिक भांडखोर आहे, करड्या खारींना हुसकावून लावील, अशा वार्ताही वृत्तपत्रांनी मोठ्या चवीने छापल्या. रंग पाहून स्वभाव ठरविण्याची माणसाची खोड खारींच्याही वाट्याला आली म्हणायची! वस्तुतः ती निराळी जात नाहीच. काळ्या व करड्या खारी एकमेकींत खुशाल मिसळतात आणि त्यांना दोन्ही रंगांची पिल्ले होतात.

काळ्या रंगाचा काही लाभ होतो काय? कॅनडातील दोन संशोधकांनी १९७९ साली याची मोजमापे प्रसिद्ध केली. शून्याखाली दहा अंशांहून अधिक थंडीत काळ्या खारीच्या अंगातून करड्या खारीपेक्षा सुमारे १८ टक्के कमी उष्णता बाहेर जाते, असे त्यांना आढळले. उत्तरेकडील थंड मुलखात काळ्या खारी अधिक का, याचे निदान एक कारण यातून कळते. मात्र सगळ्याच काळ्या खारी आपल्या पायांनी पसरल्या नाहीत. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या केंट स्टेट विद्यापीठाने १९६१ साली कॅनडातून दहा काळ्या खारी हौसेने आणविल्या. त्यांच्या वंशजांनी विद्यापीठाचे आवारच नव्हे तर आसपासचा परिसरही व्यापला, आणि तेथील विद्यार्थी आता खारींच्या नावाने उत्सव करतात.

पांढऱ्या खारींची कहाणी याहून वेगळी. पांढरेपणा दोन तऱ्हांनी येतो. टायरोसिनेज या विकराअभावी मेलॅनिन बनतच नाही, तेव्हा केस पांढरे आणि डोळे गुलाबी होतात. दुसऱ्या तऱ्हेत अंगावरील केस पांढरे, पण डोळे काळेच राहतात. इलिनॉय राज्यातील ओल्नी गावच्या खारी पहिल्या प्रकारच्या. अशा खारीची दृष्टी अधू असते आणि हिरव्या झाडीत ती ससाण्याच्या नजरेत तत्काळ भरते. रानात तिचा टिकाव लागणे कठीणच. ओल्नीत ती टिकली, कारण गावाने कायदे केले. रस्ता ओलांडताना पहिला मान तिचा, तिला मारणाऱ्यास दंड, मोकाट कुत्र्यामांजरांवर बंदी आणि दरवर्षी शरद ऋतूत शिरगणती! इतके करूनही तिची संख्या पूर्वीपेक्षा पुष्कळ घटली आहे. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ब्रेव्हर्ड गावच्या पांढऱ्या खारींचे डोळे काळे आहेत आणि डोक्यावर गडद ठिपका असतो. १९४९ साली फ्लोरिडाहून आलेल्या जोडीपासून त्यांचा वंश वाढला, असे तेथे सांगतात. १९८६ साली या गावानेही खारींसाठी अभयारण्य जाहीर केले.

आपल्याकडे अशी गोष्ट घडलीच नाही काय? महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेले शेकरू ही खारच, फक्त मोठी. त्याचे रंग प्रदेशागणिक बदलतात. दक्षिणेकडे पाठीवर काळा रंग गडद होतो, तर भीमाशंकरच्या शेकराची पाठ तांबूस-किरमिजी, पोट दुधाळ आणि शेपटीचे टोक फिके असते. १९८५ साली भीमाशंकरचे अभयारण्य झाले ते मुख्यतः त्याच्याचसाठी. पण नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या, आता गुजरातेत मोडणाऱ्या डांगच्या रानात याहून फिके, जवळजवळ पांढुरके शेकरू होते. ब्लॅनफर्ड या प्राणिशास्त्रज्ञाने १८९७ साली त्याला स्वतंत्र नाव दिले. त्याच्यासाठी कोणी कायदा केला नाही की वर्षाची शिरगणती केली नाही. जंगल तुटत गेले, आणि ते फिके शेकरू आता नामशेष झाले असे मानले जाते.